मिठाने काढलेलं चित्र माझं कसं? (रंगसाहित्याशी खेळण्याबद्दल)

कोरा_कागद

मी चित्र काढत नाही, रंगांना त्रास देते. ओल्या जलरंगावर जाडं मीठ टाकायचं, कागदावर मेणबत्ती घासून वरून पातळ रंग फिरवायचा, शाईचा ठिपका ओला असतानाच त्यावर पाणी सोडायचं, असले उद्योग चालू असतात. रेषेचं म्हणाल तर माझा घोडा गाढवासारखा दिसतो, आणि गाढव काढायला घेतलं तर ते गाढवासारखंही दिसत नाही.

पण या उद्योगांतून अधूनमधून असं काही उमटतं की बघणारे विचारतात, "हे तू केलंस?" आणि माझी पंचाईत होते. मी काय केलं? मीठ टाकलं. पुढचं सगळं मिठाने केलं.

तर प्रश्न असे : साहित्याने आपलं आपण केलेल्या करामतीला माझी सर्जनशीलता म्हणायचं का? आणि या खेळातून पुढे सरकता येतं, की माणूस जन्मभर मीठच टाकत बसतो?

रंग, शाई, माती, कापड, काहीही असो, ज्यांनी असले प्रयोग केलेत त्यांनी लिहा. "आधी बेसिक पक्कं करा" हा सल्ला मिळणार हे माहीत आहे. जरूर द्या, फक्त सोबत एखादा अनुभव जोडा.

ढब्बू_ब्रश

पयला नंबर! फोटो टाका हो. फोटोंशिवाय धागा अळणी आहे. (एवढं मीठ असूनही.)

सरळरेषा

आधी बेसिक पक्कं करा. :)

थट्टा राहू दे. मी बरीच वर्षं चित्रकला शिकवतोय आणि दर तुकडीत एक-दोन 'मीठवाले' असतातच. त्यांचा उत्साह दांडगा असतो, पण त्यांना परिणाम आणि चित्र यातला फरक कळत नाही. मिठाची नक्षी हा परिणाम झाला. ती कागदावर कुठे हवी, किती हवी, तिच्या शेजारी कोरी जागा सोडायची का, हे ठरवायला लागलात की चित्र सुरू झालं. आणि ते ठरवायला नजर लागते. ती रेखाटनाने तयार होते, मिठाने नाही.

अनुभव मागितलात म्हणून सांगतो. एका विद्यार्थिनीने महिनाभर शेव्हिंग फोमवर रंग तरंगवून मार्बलिंगचे कागद केले. गठ्ठाच्या गठ्ठा. सुरेख होते. "आता यांचं काय करणार?" म्हटलं, तर म्हणाली, "आणखी करणार." तिथे माझं बोलणं खुंटलं.

शाईचा_डाग

सर, थोडा असहमत. रवींद्रनाथ टागोरांचं काय करायचं मग? कवितेच्या हस्तलिखितात खोडाखोड केली की ते खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडायचे. त्यातून पक्षी, चेहरे, कुठल्याच प्राणिशास्त्रात न बसणारे प्राणी तयार व्हायचे. खोडाखोडीपासून निघालेला हा माणूस साठी उलटल्यावर चित्रकार झाला आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्याचं प्रदर्शन भरलं. रीतसर शिक्षण नाही. शाई हाताशी होती, तीच वापरली. ब्रश नसला की बोटाने, चिंधीने.

म्हणजे आधी डाग, मग नजर. तुमच्या क्रमाच्या बरोबर उलटं.

सरळरेषा

टागोर येणार हे माहीत होतंच, तिसऱ्याच प्रतिसादात येतील असं वाटलं नव्हतं. अहो, शब्द, लय आणि मोकळी जागा यांच्याशी ज्याने पन्नास वर्षं झुंज दिली आहे त्याची नजर 'अशिक्षित' कशी? ती दुसऱ्या रियाजातून आली, एवढंच.

उगाच_एक

मला दोन्ही बाजू पटल्या. आता मी काय करू?

ढब्बू_ब्रश

@उगाच_एक, मीठ टाका.

प्रयोगवही

चित्रकार नाही, रसायनशास्त्रवाली आहे, त्यामुळे मिठाबद्दल अधिकाराने बोलते.

मिठाचा खडा भोवतीचं पाणी ओढतो. पाणी हललं की त्यात तरंगणारे रंगाचे कण हलतात आणि खड्याभोवती फिकट चांदणी उरते. पण हे घडायला वेळ साधावी लागते. थर अगदी ओला असताना टाकलंत तर मीठ विरघळून नुसते पुसट डबके दिसतात. वाळत आल्यावर टाकलंत तर काहीच होत नाही. ओल्या थराची चकाकी जाऊ लागते तो क्षण पकडायचा. कागद तिरका धरून उजेडात बघितला की चकाकी कुठून ओसरतेय ते दिसतं. ती कडेकडून आत येते, म्हणून कडेला मीठ आधी आणि मध्ये नंतर.

कागदाचाही वाटा मोठा. चांगल्या जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, बऱ्याचदा जिलेटिनची. तिच्यामुळे पाणी वर थांबतं आणि कणांना हलायला सवड मिळते. साध्या वहीच्या कागदात रंग लगेच मुरतो आणि मिठाला खेळायला काही उरत नाही. पुष्कळ लोक "मला जमत नाही" म्हणतात तेव्हा जमत नसतं ते कागदाला.

तिसरं, रंगद्रव्य. अल्ट्रामरीन या निळ्याचे कण भरड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात. थॅलो निळ्याचे फार बारीक, ते तंतूंना धरून बसतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) भरपूर पाण्यात मिसळा आणि कागद जरा तिरका ठेवून हात न लावता वाळू द्या. करडा रंग दिसेल, पण जवळून बघितलंत तर निळे आणि तांबूस कण जागोजागी वेगळे झालेले असतील. त्याच मिश्रणात अल्ट्रामरीनऐवजी थॅलो निळा घेतलात तर तसं फुटणार नाही.

मिठाऐवजी स्पिरिटचा थेंब सोडून बघा. स्पिरिटचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे रंग थेंबापासून बाहेर पळतो आणि मध्ये फिकट डोळा, भोवती गडद कडं तयार होतं. मीठ चांदण्या करतं, स्पिरिट डोळे करतं.

आता तुमचा प्रश्न. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट एकदा घडली तर आम्ही तिला अपघात म्हणतो. दुसऱ्यांदा मुद्दाम घडवता आली तर पद्धत म्हणतो. नक्षी पहिल्यांदा उमटली तेव्हा मिठाची होती. तशीच हव्या त्या कोपऱ्यात उमटवलीत की तुमची.

शाईचा_डाग

दंडवत! वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

फटकळ

सगळं छान चाललंय, पण एक कटू गोष्ट कोणी बोलत नाहीये. 'साहित्याशी प्रयोग' हे साहित्य विकत घेण्याचं सभ्य नाव आहे. मला अशी माणसं माहीत आहेत ज्यांच्याकडे जलरंग, गॉश (अपारदर्शक जलरंग), अॅक्रिलिक, तेलखडू, अल्कोहोल शाई, रेझिन, चोवीस प्रकारची पेनं आहेत आणि चित्रं शून्य. नवा डबा उघडताना जो आनंद होतो त्याला ते सर्जनशीलता समजतात. पंधरा दिवसांत तो डबा कपाटात जातो.

उपाय सांगतो, फुकट आहे. कमी करा. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झॉर्न याच्या नावाने चार रंगांची पॅलेट प्रसिद्ध आहे : पिवळा ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा, पांढरा. निळा नाहीच. पण काळ्यात पांढरा मिसळून तो लालपिवळ्याच्या शेजारी ठेवला की डोळ्याला निळसर दिसतो. चार रंगांत माणसाच्या त्वचेच्या जवळजवळ सगळ्या छटा निघतात. महिनाभर एवढेच चार रंग वापरा, मग बोला सर्जनशीलतेवर.

ढब्बू_ब्रश

चोवीस प्रकारची पेनं हा वैयक्तिक हल्ला आहे. माझ्याकडे छत्तीस आहेत.

खोडरबर

फटकळ, मुद्दा अर्धा पटला. पण आपल्या हाताला कुठलं साहित्य मानवतं हे आधी थोडं चाखल्याशिवाय कळणार कसं? माझंच बघा. जलरंगात मी कायम आखडलेली. एकदा लावला की लावला, मागे फिरणं नाही, या धास्तीने हात थिजायचा. मग कोळसा हातात घेतला. कोळशात सगळंच मागे फिरतं. आधी अख्खा कागद कोळशाने करडा करायचा आणि मऊ खोडरबराने उजेड 'उचलायचा'. रेषा नाहीच, फक्त अंधारातून वस्तू बाहेर काढत जायचं. चित्राला घाबरणारी मी त्या दिवसापासून घाबरत नाही. मी तीच होते, नजर तीच, साहित्य तेवढं बदललं.

(आयडीचं रहस्य कळलं असेलच.)

मातीचे_पाय

खोडरबर +१. मातीचंही तसंच, उलट माती जास्त बोलते.

कागद तुमचं निमूट ऐकून घेतो, माती ऐकत नाही. फार ओली असली तर कोसळते, फार सुकली तर तडकते. दोन तुकडे जोडायचे तर दोन्हींवर ओरखडे काढून मध्ये पातळ मातीचा लेप द्यावा लागतो, नुसते दाबून चिकटवले तर सुकताना सुटतात. मधली एक अवस्था असते, माती हाताला गार लागते पण बोट दाबलं तर ठसा उमटत नाही. त्या वेळात कोरीव काम करायचं. भांडं गालाला लावून बघायचं, गार लागलं म्हणजे आत ओल आहे. ओल असताना भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तुकडे उडतात. लोक हवेच्या बुडबुड्यावर खापर फोडतात, पण मुख्य गुन्हेगार ओलच.

हे सगळं सांगायचं कारण असं की माझी एकही चांगली कल्पना डोक्यात आलेली नाही. एकदा मातीचा पत्रा जाड विणीच्या कापडावर लाटला, उचलला तर खाली विणीचा ठसा. मग जाळी, दोरी, वाळकी पानं, झाडाची साल, जे सापडेल ते दाबून पाहिलं. पानाच्या पालथ्या बाजूला शिरा उठावदार असतात, त्यामुळे ती बाजू मातीकडे करायची. सुलटी ठेवलीत तर ठसा सपक येतो. आता मी भांड्याच्या आकाराचा विचार ठशापासून सुरू करतो, आकारापासून ठशाकडे जात नाही. ही सर्जनशीलता माझी की पानाची, मला खरंच माहीत नाही, पण भांडी बघून लोक माझं नाव घेतात.

तिसरा_कंस

काडी टाकतो. यंत्राला "घोडा काढ" म्हणून वाक्य लिहिलं की तेही चित्र काढून देतं. मीठ टाकून थांबणं आणि वाक्य टाकून थांबणं, यात तत्त्वतः फरक काय? दोन्हीकडे आपण सुरुवात करतो आणि कोणीतरी दुसरं पूर्ण करतं.

उगाच_एक

झालं. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

प्रयोगवही

@तिसरा_कंस, फरक आहे. मीठ टाकताना मी तिथे असते. थर किती ओला आहे हे माझ्या डोळ्याला दिसतं, आणि दहा वेळा बिघडलं की माझ्या बोटांना चिमटीत किती मीठ घ्यायचं ते कळतं. यंत्राकडून पन्नास घोडे काढून घेतले तरी माझ्या बोटांना काही कळणार नाही.

तिसरा_कंस

पण वाक्य लिहिणाऱ्यालाही हळूहळू कळतंच की कुठलं वाक्य काय देतं. तीही एक चिमूटच.

फटकळ

वेगळा धागा काढा. इथे मिठाचं चाललंय.

काळजीवाहू

धाग्यात सुरक्षिततेवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घाबरवायचं नाहीये, पण 'प्रयोग' म्हटलं की माणसं काहीही काहीत मिसळतात.

शाईवर पातळ केलेलं ब्लीच टाकून पांढऱ्या रेघा काढतात, छान दिसतं. पण ब्लीच कुठल्याही आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतात. खिडकी उघडी ठेवा आणि चांगला ब्रश त्यात बुडवू नका, केसांचा भुगा होतो.

पेस्टलची भुकटी फुंकून उडवू नका, ती नाकातच जाते. कागद उभा करून मागून टिचकी मारा, खाली ओलं फडकं ठेवा. फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदावर पक्की धरणाऱ्या द्रवाचा) फवारा घराबाहेर. कॅडमियमचे रंग वाळल्यावर सॅंडपेपरने घासू नका. रेझिनला हातमोजे आणि योग्य मास्क हवाच, नुसतं कापड बांधून भागत नाही.

आणि ब्रश धुवायचं भांडं आणि चहाचा कप यांच्यात निदान एका हाताचं अंतर ठेवा.

ढब्बू_ब्रश

शेवटचा मुद्दा उशिरा आला. बर्न्ट सिएनाची चव चहासारखीच लागते हे नम्रपणे नमूद करते.

सावलीतला

जरा वेगळ्या बाजूने लिहितो.

प्रयोग हौसेने होतात तसे नाइलाजानेही होतात, आणि नाइलाजाचे बरेचदा जास्त खोल जातात. फ्रेंच चित्रकार हेन्री मातीसचं १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत. उभं राहून कॅनव्हास रंगवणं अवघड झालं, तेव्हा कागदांवर गॉशचे सपाट रंग लावून घ्यायचे आणि कात्रीने आकार कापायचे असं त्याने धरलं. कात्री काही नव्याने हातात आली नव्हती, आधीही ती त्याने वापरली होती, पण आता ती मुख्य झाली. कात्रीला ब्रशसारखा हलका-जड दाब नाही. एकच धार, आत किंवा बाहेर. त्या मर्यादेतून ते मोठाले निळे आकार आले.

आपल्याकडचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. लहानपणापासून दृष्टी अधू, आणि १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया बिघडून ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी काम थांबवलं नाही. कागद घडी करून, कापून, चिकटवून रचना केल्या, मेणाच्या लहान मूर्ती केल्या. डोळ्यांचं काम बोटांकडे गेलं आणि बोटांना काय कळतं तर कड, घडी, जाडी.

माझं स्वतःचं सांगायचं तर मनगटाच्या दुखण्यामुळे बारीक काम बंद झालं. आता रबरी रोलर आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड एवढंच वापरतो. सपाट काचेवर छपाईची शाई रोलरने पसरतो, तिच्यावर दोरा, फाटका कागद ठेवतो आणि वर कागद दाबून उचलतो. एकच प्रत निघते. खाली काचेवर जी उरलेली पुसट शाई असते तिच्यावर पुन्हा कागद दाबला की भुतासारखी फिकट दुसरी प्रत मिळते. फ्रेंच चित्रकार देगा अशाच फिकट प्रतींवर पेस्टलने पुढे काम करायचा. पहिल्या प्रतीपेक्षा ही दुसरीच मला जास्त काम देते, कारण ती अर्धवट असते. पहिल्या प्रतीत मला करायला काही उरत नाही.

खोडरबर

सावलीतला, तुम्ही असं सविस्तर आणखी लिहा हो. दुसऱ्या प्रतीचं फार आवडलं.

सरळरेषा

सावलीतल्यांनी रोलर काढला म्हणून आठवलं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकलेला माणूस, रेषेवर हुकमत. पुढे त्यांनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हातात घेतली. रंग थरावर थर चढवायचे, खरवडायचे, कापलेले कागद ओल्या रंगावर दाबून उचलायचे. त्यातून ते आतून उजळल्यासारखे पृष्ठभाग आले. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची, बाकी वेळ विचार. हा नुसता रोलरचा चमत्कार म्हणाल तर रोलर सगळ्यांनाच मिळतो.

मी वर जे म्हणालो तेच परत म्हणतोय, पण एक दुरुस्ती करून. नजर रेखाटनानेच येते असा माझा हट्ट नाही. ती कुठल्याही एका गोष्टीकडे फार वेळ बघितल्याने येते. कोरा_कागद, तुम्ही मिठाकडे तसं बघत असाल तर माझी तक्रार नाही. दर आठवड्याला नवीन युक्ती शोधत असाल तर फटकळ म्हणतात ते खरं.

फटकळ

सर आणि मी एकमत. तारीख नोंदवून ठेवा.

शाईचा_डाग

अवांतर : युक्ती एकदाच सापडली आणि पुढे तिचं घराणं झालं याचं उदाहरण द्यायचं तर चित्रकार माक्स अर्न्स्ट. १९२५ साली एका खाणावळीच्या लाकडी फरशीवर कागद ठेवून त्याने पेन्सिल घासली. लाकडाच्या नसा उमटल्या. हे शाळेत आपण सगळ्यांनी नाण्यावर कागद ठेवून केलंय. फरक एवढाच की त्याला त्या नसांमध्ये जंगल दिसलं, आणि मग पानं, कापड, दोरा सगळ्याखाली जंगलं आणि पक्षी दिसत गेले.

अतिअवांतर : प्रशियन निळा सापडला तोही अपघातानेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेले, पोटॅश भेसळीचा निघाला आणि निळा तयार झाला. तोच निळा पुढे सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हाने उमटणाऱ्या निळ्या छाप्यांमध्ये आला. ती पद्धत शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची, १८४२ ची.

प्रयोगवही

सायनोटाइप घरी करता येतं, दोन लोहक्षारांची द्रावणं आणि ऊन एवढंच लागतं. त्यावर वेगळा धागा काढते. आत्ता काढला तर तिसरा_कंस तिथेही काडी टाकतील.

तिसरा_कंस

सूर्याने काढलेलं चित्र तुमचं कसं?

प्रयोगवही

बघा.

टिकाऊ

माझा मुद्दा कोणाला आवडणार नाही, पण हे सगळं टिकणार किती? मीठ कागदात राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातलं एक द्रव्य) असतं, तो पिवळा पडून ठिसूळ होतो, कोलाजमध्ये वापरलात तर तुमच्या डोळ्यांदेखत. व्हॅन गॉगच्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पत्रात त्याने त्या फिकट जांभळ्या लिहिल्या आहेत. लाल उडून गेला. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलरने १९५२ मध्ये अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर पातळ तेलरंग ओतून मुरवला. परिणाम अप्रतिम, पण तेल कापडाला खातं. पुढे ती अॅक्रिलिककडे वळली.

प्रयोग करा, पण मागे तारीख आणि काय काय वापरलं ते पेन्सिलने लिहा. आणि तेलरंगावर अॅक्रिलिक कधीही नको, पापुद्रा सुटतो. अॅक्रिलिकवर तेलरंग चालतो.

खोडरबर

टिकाऊपणाचा विचार सुरुवातीपासून केला तर हात पुन्हा थिजेल. निदान पहिली वही तरी वाया जाण्यासाठीच असू द्या.

टिकाऊ

वही वाया जाऊ द्या. मागे लिहा, एवढंच म्हणतोय.

कोरा_कागद

बापरे, केवढे प्रतिसाद. सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

प्रयोगवहींचं वाचून एक काम केलं. एका जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, सगळ्यांवर एकाच वेळी अल्ट्रामरीनचा थर दिला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेका पट्टीवर मीठ टाकत गेले. पट्ट्या ओळीने लावल्यावर चक्क दिसलं : पहिली नुसती डबकी, मग मोठ्या पसरट चांदण्या, मग बारीक टोकदार, आणि शेवटच्या पट्टीवर काहीच नाही, फक्त रंगात रुतलेलं मीठ. इतके दिवस मी चांदणी आली की खूश आणि नाही आली की नशीब म्हणत होते.

मग जरा हुशारी केली. एकाच कागदावर वरचा भाग आधी ओला केला आणि खालचा बऱ्याच वेळाने, म्हणजे वरचा वाळत आलेला आणि खालचा ओला. सगळीकडे एकदम मीठ टाकलं. वर बारीक टिपके, खाली येताना मोठे होत गेलेले. आणि ते अंतर वाटायला लागलं! वरचं दूर, खालचं जवळ. मी काहीही 'काढलेलं' नाही, पण यात लांब-जवळ आहे. सरळरेषा सर म्हणतात ते 'ठरवणं' हेच असेल तर मी पहिल्यांदाच काहीतरी ठरवलं.

आता अडचण अशी की मला तिथे खाली एक झाड हवं आहे. सावलीसारखं, पुढे उभं. आणि झाड मला येत नाही.

@टिकाऊ, पट्ट्यांच्या मागे लिहिलं आहे. पेन्सिलने.

उगाच_एक

म्हणजे शेवटी रेखाटनापाशीच आलो. सर कुठे आहेत?

सरळरेषा

आहे, आहे. हसत नाहीये.

झाड 'काढू' नका. बुंध्यापासून सुरुवात करून फांदीला फाटा फुटेल तिथे ती जरा बारीक करत जा, एवढा एकच नियम पाळा. आणि खऱ्या झाडासमोर बसून पानं न बघता पानांमधली आभाळाची भोकं काढा. ती जमली की झाड आपोआप मागे उरतं.

शाईचा_डाग

किंवा काढूच नका. बुंध्याच्या जागी शाईचा मोठा थेंब टाका आणि स्ट्रॉने फुंका. फांद्या स्वतः फुटतात, आणि फुंकर जिथे कमी पडते तिथे आपोआप बारीक होतात. वळवायची असेल तर कागद फिरवा. पण आधी मीठ पूर्ण झटकून घ्या, नाहीतर शाई खड्यापाशी फुटेल.

सरळरेषा

दोन्ही करून बघा. आधी माझं, मग यांचं. फुंकलेल्या फांद्या तुम्हाला आपोआप बऱ्या दिसतील.

सावलीतला

शाई कुठली ते बघा. शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक वाळली की पाण्याने हलत नाही, तिच्यावरून परत रंग फिरवता येतो. फाउंटन पेनची साधी शाई मात्र बहुतेक वेळा पुन्हा ओली केली की पसरते. आणि इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका.

ढब्बू_ब्रश

छत्तीसपैकी एक पेन या माहितीसाठी फार आधीच शहीद झालं आहे. गरम पाण्यात ठेवून काही उपयोग होईल का?

सावलीतला

गरम नको, प्लॅस्टिक वाकतं. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण, रात्रभर. शेलॅक असेल तर साबणात दोन थेंब अमोनियाही चालतो. (काळजीवाहू, ब्लीच शेजारी नाहीये, शपथ.) तरी हललं नाही तर निब काढून डिप पेनसारखं बुडवून वापरा.

काळजीवाहू

खिडकी उघडी ठेवा.